अज्ञान यशवंत, पालनकर्ता ओमकार

कुवेतमध्ये एकोणीस वर्षं मी काउंटरमागे उभा राहून व्हिडिओ गेम विकले आणि स्वतः एकही धड खेळलो नाही. हे ऐकून लोक हसतात. हलवाई कुठे रोज पेढे खातो, असं म्हणून मीही हसून घेतो. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘कामातले गमतीदार अनुभव लिहा’ असं कळवलं, म्हणून लिहायला बसलो. गमती आहेत. पण ज्या गमतीवर सगळे पोट धरून हसतात, तिच्यावर मला अजून हसता आलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी धंदा समजावतो. गेम दोन प्रकारे विकला जातो. एक डबीतली डिस्क. दुसरा कोड, म्हणजे पावतीवर छापून येणारी आकडे-अक्षरांची ओळ. ती गिऱ्हाइकाने आपल्या खात्यात घातली की गेम त्याच्या यंत्रात उतरतो. प्रत्येक गेमला वयाचं लेबल असतं. तीन वर्षांवरच्यांचा, सात वर्षांवरच्यांचा, असं करत अठरापर्यंत. अठराचं लेबल लाल. आमच्या कंपनीचं ऑफिस शर्कला, गोदाम अर्दियाला, आणि ही लेबलं गोदामातच हाताने चिकटवली जात. लाल लेबलाचे गेम दुकानात काचेच्या कपाटात असत आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला.

पूर्वी काम सोपं होतं. समोरच्याचं तोंड बघायचं. मिसरूड फुटलेलं नसेल तर म्हणायचं, “पालकांना घेऊन ये.” हे वाक्य मी अरबीत, हिंदीत, इंग्रजीत आणि मोडक्या मल्याळममध्येसुद्धा इतक्या वेळा म्हटलं आहे की बायको सांगते, मी झोपेतही बडबडतो. पुढे नियम कडक झाले. सिव्हिल आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र, यंत्रात घातल्याशिवाय लाल गेमचं बिलच निघेना. वर विक्रेत्याने ‘कोणासाठी?’ असं तोंडाने विचारायचं. आणि विकलेला कोड शेवटी कुठल्या खात्यात गेला, त्या खातेदाराचं वय काय, याचा अहवाल कंपनीकडे येऊ लागला. मुलांच्या हातात नको ते पडू नये हा यामागचा हेतू. हेतूशी माझं भांडण नाही. मलाही मुलगी आहे.

पण हेतू एकीकडे आणि काउंटर दुसरीकडे. एक कुवेती गृहस्थ आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन नेहमी येत. मुलगा काचेवर बोट ठेवी. मी सांगे, “सर, यात रक्त आहे, शिव्या आहेत, हा मोठ्यांचा आहे.” ते कार्ड काउंटरवर टाकत आणि म्हणत, “मग मी कोण, लहान? यल्ला, चल आटप.” कोणासाठी? माझ्यासाठी. बिल निघे आणि डबी पोराच्या हातात. आपल्याकडचे लोक काही वेगळे नव्हते. आमच्याच इमारतीत राहणारे पुण्याचे एक अकाउंटंट मला म्हणाले, “अहो, आमचा अर्णव वयाच्या मानाने फार समजूतदार आहे.” समजूतदार अर्णव तेव्हा आइस्क्रीम मिळालं नाही म्हणून फरशीवर आडवा पडला होता. त्यांच्याकडेही कार्ड होतं. गेम पुढे कोण खेळणार हे कार्डाला कळत नाही.

ज्यांना खरोखर स्वतःसाठी हवा असायचा त्यांची मात्र पंचाईत. या देशात दारू मिळत नाही, त्यामुळे दारूच्या दुकानासमोर माणूस जसा ओशाळून उभा राहतो तसं उभं राहण्याची सोय इथे नव्हती. ती आमच्या लाल कपाटाने करून दिली. शर्कच्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एक मराठी बाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. चाळिशीच्या, एकट्या राहणाऱ्या. नियम आल्यावर मी त्यांना पहिल्यांदा विचारलं, “मॅडम, कोणासाठी?” त्या म्हणाल्या, “माझ्यासाठी.” मागे रांगेत असलेल्या जोडप्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या पैसे देऊन शांतपणे म्हणाल्या, “सावंत, कर्ज मंजूर करताना माझी एक सही पुरते. इथे मला कार्डही दाखवायचं आणि कारणही सांगायचं.” त्यानंतर त्या आल्या नाहीत. दुबईला जाणाऱ्या कुणाकडून मागवतात असं कानावर आलं. अर्णव अजून येत होता.

आता परबांकडे येतो.

यशवंत परब कणकवलीजवळचे, म्हणजे आम्ही जिल्हाबंधू. एसीच्या डक्टचं काम करत. रिग्गईत माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून बॅचलर खोलीत राहत. इथे बॅचलर म्हणजे लग्न न झालेला माणूस नव्हे. ज्याचं कुटुंब गावी आहे तो. परबांची बायको आणि एकुलता एक मुलगा ओमकार गावी. दोन वर्षांतून एकदा परब घरी जात. ओमकार बारा वर्षांचा असताना त्यांनी माझ्याच दुकानातून त्याच्यासाठी खेळाचं यंत्र नेलं. परत आल्यावर दुसरं, वापरलेलं, स्वतःच्या खोलीसाठी घेतलं. मला नवल वाटलं. दिवसभर पत्रा कापणाऱ्या माणसाला हे खूळ कुठून लागलं?

“खूळ नाय ओ सावंतानू,” ते म्हणाले. “फोनार तो माझ्यावांगडा बोलणा नाय. जेवलंस? जेवलंय. अभ्यास? चल्लाहा. संपला. पण ह्या खेळाक बसलो काय तोंड सुटता त्येचा.”

तेव्हापासून दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, बापलेक तासभर खेळत. एक इथे, एक कणकवलीला, दोघांच्या कानाला हेडफोन. उद्ध्वस्त शहरात दोघांनी जीव वाचवायचा, लाकूड-पत्रा गोळा करून निवारा उभा करायचा, अंधार पडला की चाल करून येणाऱ्या मुडद्यांशी लढायचं, असा तो खेळ. रक्ताचा सडा, म्हणून लाल लेबल. परबांच्या खोलीतले बाकीचे चौघे त्या तासाला मुद्दाम बाहेर पडत. कुणी शर्कच्या मासळीबाजारात जाई, कुणी कपडे घेऊन गच्चीवर. हे कुणी ठरवून दिलं नव्हतं. बॅचलर खोलीत माणसाला एकटं सोडणं ही सगळ्यात मोठी भेट असते आणि ती त्यांनी परबांना वर्षानुवर्षं दिली.

या खेळाचा नवा भाग आला तेव्हा परब कामावरून थेट दुकानात आले, कंपनीच्या निळ्या कपड्यांत. मी कार्ड घेतलं. वय एक्कावन्न. तारीख एक जून, कारण आमच्याकडे शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट एक जून लिहीत. त्यांची आई म्हणायची, यशवंत गणपतीत झाला. ते असो, एक्कावन्न काय आणि पन्नास काय, मिशी पांढरी होती. कोणासाठी? माझ्यासाठीच. बिल निघालं. पत्रा कापून त्यांची बोटं जाड झालेली, फोनवर कोड घालणं त्यांना जमत नसे. अशा गिऱ्हाइकांचा कोड आम्ही दुकानातच, दुकानाच्या इंटरनेटवर घालून देत असू. तसा मी दिला. खात्यात उतरला. ते खुशीत गेले.

काही दिवसांनी शर्कहून बोलावणं आलं. आमचा मॅनेजर हानी, इजिप्तचा. माणूस वाईट नव्हता. दर रमझानला माझ्या मुलीसाठी खजुराचा डबा पाठवायचा. त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

“सावंत, तू लाल कोड लहान मुलाला विकलास.”

“मी?”

“खातं लहान मुलाचं आहे, सतरा वर्षांच्या. कोड बिल निघाल्याबरोबर आपल्याच दुकानाच्या इंटरनेटवरून घातलाय. म्हणजे मुलगा तुझ्यासमोर दुकानात उभा होता.”

मी बिल पाहिलं. परबांचं होतं. मला हसू आलं आणि मी सगळं सांगितलं. हानीही हसला. मग म्हणाला, “हबीबी, तू खरं बोलतोयस हे मला कळतं. पण अहवालात मिशी दिसत नाही.”

मी परबांना फोन केला. परबांनी मुलाला केला. मुलगा आधी खूप हसला आणि मग त्याने सांगितलं. पाच वर्षांपूर्वी यंत्र लावताना त्याला लाल गेम खेळायचे होते, म्हणून त्याने स्वतःच्या खात्याला बापाची जन्मतारीख दिली. पुढे बापाचं खातंही त्यानेच गावाहून काढलं. यंत्राने तारीख विचारली. बाबांची तारीख तर मी वापरली, आता काय घालू? त्याने प्रामाणिकपणे स्वतःची घातली. बारा वर्षांच्या पोराचा हिशेब: बाबांचं वय मी घेतलं, तर माझं बाबांना द्यायला हवं. यंत्राने लगेच विचारलं, या लहान मुलाचा पालक कोण? त्याने स्वतःचं नाव दिलं.

ज्यांनी सातबारा पाहिला आहे त्यांना हे चटकन कळेल. वारस लहान असला की त्याच्या नावाखाली ‘अपाक’ म्हणून मोठ्याचं नाव लागतं: अज्ञान पालनकर्ता. यंत्राच्या सातबाऱ्यावर पाच वर्षं हीच नोंद होती. अज्ञान यशवंत, पालनकर्ता ओमकार. नवा भाग घरी नेल्यावर पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं होतं. परबांना ते वाचता आलं नाही, म्हणून त्यांनी मुलाला विचारलं आणि मुलाने तिथून बटण दाबलं. पालकाने परवानगी दिली होती.

परबांनाही गंमत वाटली. फोनवर म्हणाले, “देश सोडून जावक कंपनीची परमिशन, आणि खेळूक झीलाची. आमी मोठे कधी होतलो ओ?”

गंमत इथे संपते. हानीने मला पंधरवडा दिला. म्हणाला, वाट एकच आहे. पालकाने आपलं ओळखपत्र दाखवून दोन्ही खात्यांच्या तारखा दुरुस्त करायच्या. तसं झालं की अहवाल मागे घेता येईल. नाही झालं तर लहान मुलाला लाल गेम विकणारा माणूस कंपनी काउंटरवर ठेवू शकत नाही. मी विचारलं, परबांना इथे आणून उभं केलं तर? तो म्हणाला, “आणून काय करू? ते मोठे आहेत हे मला मान्य आहे. खात्याला मान्य नाही.” मी त्या गेमच्या कंपनीकडेही परबांच्या वतीने तक्रार टाकून पाहिली. उत्तर फार अदबीचं आलं. आपण अल्पवयीन असल्यामुळे आपल्या पालकांनी आमच्याशी संपर्क साधावा.

तारखा दुरुस्त करायच्या तर ओमकारचं कार्ड दाखवायचं, आणि कार्ड दाखवलं की ओमकार सतरा वर्षांचा ठरणार. त्याचा लाल गेम बंद. त्याची अठरा पूर्ण होईपर्यंत बापलेकांचा शुक्रवारचा तासही बंद. कायद्याला जो मुलगा खरोखर अडवायचा होता तो पाच वर्षं मजेत खेळत होता. अडकलो होतो आम्ही दोघं पिकल्या केसांचे.

त्या शुक्रवारी मी परबांच्या खोलीवर गेलो. दार उघडंच होतं. ते हेडफोन लावून पडद्यासमोर जमिनीवर बसले होते. मला हाताने बस म्हणाले. पडद्यावर राख झालेलं शहर होतं आणि त्याच्या कडेला या दोघांनी उभारलेलं घर. पुढे पडवी, मागे विहिरीसाठी खणलेला खड्डा. मुडदे कुंपणावर आपटत होते आणि परब शांतपणे बोलत होते.

“आयशीच्या गुडघ्याक काय म्हटल्यान डॉक्टरान?” मग ऐकायचे. “आणि तू? तू घाबारतंस मा परीक्षेक? नाय, माका सांग तू. ओरडाचंय नाय.” मग बराच वेळ ऐकत राहिले. मधूनच कुऱ्हाड चालवून एक मुडदा पाडला. “नापास झालंस तर झालंस रे. माझ्यापेक्षा तर शिकलंस.”

कुठलाही बाप फोनवर मुलाशी असं बोलत नाही. मीही माझ्या मुलीशी कधी बोललो नव्हतो.

खेळ संपल्यावर मी सगळं सांगितलं. काही महिन्यांचा प्रश्न आहे, म्हणालो. परीक्षा झाली, पुढे त्याचा वाढदिवस आला की परत सुरू करा. तोपर्यंत फुटबॉलचा गेम मी माझ्या खिशातून देतो, त्याला लाल लेबल नाही. परबांनी मान हलवली. “तुमची नोकरी आसा ती. सांगतंय त्येका. आजच सांगतंय.” जेवायला थांबवून घेतलं, तळलेलं पापलेट वाढलं. मी निर्धास्त घरी आलो.

आठवडा गेला. मी फोन केला, परबांनी उचलला नाही. दुसऱ्यांदा केला, तर कामावर आहे म्हणाले. मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या साइटवरच जाऊन उभा राहिलो. दुपारची जेवणाची सुट्टी होती. पत्र्याच्या सावलीत ते डबा उघडून बसले होते. मला बघून त्यांनी झाकण लावलं.

“विचारलंय नाय,” ते म्हणाले. “तुमी समोर इलास म्हणान खरा सांगतंय. विचारूक तोंडच उघडणा नाय.”

“परब, माझी नोकरी जाईल. घरी मुलगी आहे.”

“म्हायत आसा माका.” ते खाली बघत होते. “गेल्या म्हयन्यात माका म्हणालो, बाबा, जीव द्यावसो वाटता कधी कधी. आयशीक नाय सांगल्यान. माका सांगल्यान, त्या खेळात. फुटबॉलात सांगात काय तो माका? काय म्हायत. तां बंद करून बघूची छाती नाय माझी.”

मी काय बोलायला हवं होतं? मला सुचलं ते मी बोललो. म्हणालो, “तुमच्या पोराने लबाडी केली आणि भोगू मी?” मी तिथून चालू लागलो. मागून त्यांनी हाक मारली नाही.

कंपनीने मला काढलं नाही; हानीने तेवढं केलं. काउंटरवरून उचलून अर्दियाच्या गोदामात टाकलं. विक्रीवरचं कमिशन गेलं आणि नुसता गोदामाचा पगार राहिला. त्यात रिग्गईचं भाडं आणि मुलीची शाळा दोन्ही बसेनात. शाळेचं वर्ष संपल्यावर बायको आणि सई गावी, कुडाळला गेल्या. सई इथेच जन्मलेली, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते. विमानतळावर मला म्हणाली, “इट्स ओके, बाबा.” ओके नव्हतं. इमारतीत मात्र बातमी वेगळीच पसरली होती. सावंत लहान मुलांना घाणेरडे गेम विकताना सापडला. अर्णवच्या वडिलांनी लिफ्टमध्ये मला पाहिलं आणि अर्णवला खांद्याला धरून स्वतःच्या मागे घेतलं. एकोणीस वर्षं मी ज्यांच्या मुलांसाठी किल्ली कमरेला बांधून फिरलो, त्यांच्यापैकी एकाने तरी विचारायचं होतं की नक्की काय झालं. कुणी विचारलं नाही. याचा मला राग आहे आणि तो जाईल असं वाटत नाही.

आता मीही बॅचलर. खोलीत आम्ही चौघे. गोदामात माझं काम लेबलं चिकटवण्याचं आहे. खोक्यातून डबी काढायची, कोपरा पुसायचा, लाल गोल लेबल लावायचं, अंगठ्याने दाबायचं. अंगठ्याला डिंक लागतो तो साबणाने निघत नाही. शुक्रवारी सईला फोन करतो. जेवलीस? येस. अभ्यास? फाइन. आजी कशी आहे? फाइन, बाबा. मग ती गप्प आणि मी गप्प. कुडाळच्या शाळेत तिला मुलं मराठीवरून चिडवतात, हे मला तिच्या आईकडून कळलं. तिने मला सांगितलं नाही.

त्यामुळे परब गप्प का बसले ते आता मला नीट कळतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही गप्प बसलो असतो. कळणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. ते मला जमलेलं नाही, आणि जमलं आहे असं दिवाळी अंकात छापून आणण्याइतका मी मोठ्या मनाचा नाही.

मागच्या महिन्यात दुपारी लेबलं लावता लावता फोन वाजला. परबांचा मेसेज. त्या दिवसानंतरचा पहिलाच. सोबत पडद्याचा फोटो होता. राख झालेलं शहर, कडेला ते घर, पडवीत दिवा लावलेला आणि खाली इंग्रजीत खातेदाराचं अभिनंदन.

“सावंतानू, झील पास झालो. आज त्येका अठरा पुरी झाली. म्हणजे माका पण झाली. तुमका तोंड दाखवूची लाज वाटता, पण पेढे घेवन येव काय?”

मुलगा जिवंत आहे, पास झाला आहे, हे वाचून बरं वाटलं. खोटं का सांगू, डोळे भरून आले. पुढे खोक्यातल्या डब्या तशाच पडल्या होत्या. मग मी हात पँटला पुसले आणि एकोणीस वर्षं ज्याला त्याला सांगत आलो तेच परबांना लिहिलं.

“पालकांना घेऊन ये.”